फ्रीआरटॉस: इव्हेंट ग्रुपचे २४ बिट संपले, पंचविसावी घटना कुठे ठेवू?

ठिबक
नमस्कार मंडळी. शेतातला पंप आणि ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारा एक कंट्रोलर आमच्याकडे बनतो. ईएसपी३२ ही चिप, त्यावर फ्रीआरटॉस (एकाच चिपवर अनेक कामं, म्हणजे टास्क, आलटून पालटून चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम), जोडीला जीएसएम मॉडेम. ज्यांनी कोड लिहिला ते दुसरीकडे गेले आणि आता तो माझ्या गळ्यात पडलाय. सगळ्या प्रोग्रॅममध्ये इव्हेंट ग्रुप (घटना घडली की १ होणाऱ्या बिटांचा गठ्ठा) एकच, आणि झाडून सगळे टास्क त्याच्यावरच थांबतात. बिटांची वाटणी अशी:

व्हॉल्व्ह १ ते ८ उघडा आहे (८)
नेटवर्क मिळालं, डेटा सुरू, सर्व्हर जोडला, पोच आली (४)
विजेचा आर, वाय, बी फेज आहे (३)
वेळ लागली, सेटिंग वाचून झाली, फ्लो मीटरचा पल्स, दाब कमी, विहिरीत पाणी आहे, बटण दाबलं, अपडेट चालू, एसएमएस आला, बिघाड (९)

झाले २४. आता दुसरा फ्लो मीटर लावायचाय आणि बिट शिल्लक नाही. साहेब म्हणतात, "दुसरा ग्रुप काढ आणि मोकळा हो." मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही तेही नीट सांगता येत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रात्रपाळी
टाइप ३२ बिटांचा आहे ना? मग २४ का? उरलेले आठ कुणी खाल्ले?

व्होलाटाइल
@रात्रपाळी, कर्नलने (फ्रीआरटॉसच्या गाभ्याने). फ्रीआरटॉसमध्ये इव्हेंट बिटांचा टाइप टिकच्या (कर्नलच्या घड्याळाचे ठोके मोजणाऱ्या आकड्याच्या) टाइपएवढाच असतो. टिक १६ बिटांचा ठेवला तर तुम्हाला ८ बिट मिळतात, ३२ चा ठेवला तर २४. वरचा बाइट कर्नल स्वतःसाठी ठेवतो. टास्क थांबतो तेव्हा त्याचा मास्क (कुठल्या बिटांची वाट बघतोय ते) त्याच्या लिस्ट आयटममध्ये लिहिला जातो. "सगळे बिट हवेत की एखादा चालेल" आणि "उठताना पुसायचे का" ही माहितीही त्याच शब्दाच्या वरच्या बाइटात कोंबलेली असते.

नव्या आवृत्त्यांत टिक ६४ बिटांचा करून ५६ बिट मिळवता येतात. पण एका फ्लो मीटरसाठी कुणी टिकला हात लावू नये.

तर्री
मी बिट २४ वापरून पाहिला होता. चालला की! (ह. घ्या.)

व्होलाटाइल
हलकं घेणार नाही, कारण लोक हे खरंच करतात. कॉन्फिग-असर्ट (चूक दिसली की प्रोग्रॅम थांबवणारी तपासणी) चालू असेल तर तिथल्या तिथे अडकतं आणि चूक कळते. असर्ट बंद असेल तर मजा बघा: बिट २४ म्हणजे कर्नलचा "उठताना पुसा" हा बिट. वेटबिट्सला (बिटांवर थांबायच्या फंक्शनला) नुसता तो मास्क दिला आणि बिट आधीच लागलेला असेल, तर फंक्शन लगेच परत येतं, म्हणून "चालला" असं वाटतं. टास्क खरोखर झोपला, की मग दुसऱ्याने सेटबिट्स (बिट लावायचं फंक्शन) केल्यावर कर्नल आधी वरचा बाइट बाजूला काढतो. मास्क उरतो शून्य. "कुठलाही एक" म्हणून थांबला असाल तर शून्याशी काहीच जुळत नाही, टास्क उठतच नाही. "सगळे" म्हणून थांबला असाल तर शून्य नेहमीच जुळतं, त्यामुळे भलत्याच बिटाला उठतो. टेबलावर चालेल आणि शेतात चालणार नाही, असं हे प्रकरण आहे.

तर्री
दंडवत. मिसळ माझ्याकडून.

सोल्डरसुगंध
मूळ प्रश्नाकडे येतो. ठिबक, तुमचा अंदाज बरोबर आहे. दुसरा ग्रुप काढला की पहिला तोटा हा, की एका वेटबिट्समध्ये दोन ग्रुपांवर थांबता येत नाही. फ्रीआरटॉसच्या क्यू सेटमध्ये (अनेक ठिकाणी एकत्र थांबायची सोय) क्यू (निरोपांची रांग) आणि सेमाफोर (टोकन) घालता येतात, इव्हेंट ग्रुप नाही. म्हणजे उद्या "दुसऱ्या मीटरचा पल्स किंवा बिघाड" असं थांबायचं म्हटलं की अडलात.

पण माझ्या मते बिट कमी पडलेच नाहीयेत. यादीत निम्म्या गोष्टी तिथे नकोच आहेत. दवाखान्याच्या दारावर "डॉक्टर आत आहेत" ही पाटी असते आणि आत टोकनचं मशीन असतं. फ्लॅग, म्हणजे तुमचा बिट, ही पाटी. ती उलटी करा, सुलटी करा, तीनदा सुलटी केली तरी सुलटीच. कितवा पेशंट ते पाटी सांगत नाही. आता तुमच्या यादीत बघा: फ्लो मीटरचा पल्स. हा तर मोजायचा आहे! टास्क एका पल्सवर उठून काम करत असताना आणखी दोन पल्स आले तर बिट एकच लागलेला असतो. तीन पल्सचा हिशोब एक किंवा दोन येणार. पाणी कमी मोजलं जातंय अशी तक्रार येते का हो?

ठिबक
@सोल्डरसुगंध, येते! आत्तापर्यंत आम्ही ते मीटरच्या कॅलिब्रेशनवर ढकलत होतो. शेतकरी म्हणतात टाकी भरली, मोबाइलवर पाऊणच दाखवतंय. मीटर हॉल सेन्सरचा आहे, पूर्ण पाण्याला सेकंदाला साधारण शंभर पल्स. इंटरप्टमधून (पल्स आला की चालू काम थांबवून धावणारा कोड) फ्रॉम-आयएसआर वालं, म्हणजे इंटरप्टसाठीचं वेगळं, सेटबिट्स करतो.

व्होलाटाइल
मग दुखणं दोन ठिकाणी आहे. सोल्डरसुगंध यांनी सांगितलं ते एक. दुसरं फ्रॉम-आयएसआरमध्ये.

एका सेटबिट्सने किती टास्क उठतील ते आधी सांगता येत नाही. थांबलेल्या सगळ्यांची यादी चालत जावी लागते, म्हणजे लागणारा वेळ ठरावीक नाही. असलं काम इंटरप्टमध्ये करायचं नाही हा फ्रीआरटॉसचा नियम. म्हणून फ्रॉम-आयएसआर वालं फंक्शन बिट लावतच नाही. ते टायमर टास्कच्या क्यूमध्ये चिठ्ठी टाकतं, "बाबा, माझ्या वतीने हे बिट लाव." टायमर टास्कला वेळ मिळेल तेव्हा बिट लागणार.

ईएसपी-आयडीएफमध्ये (ईएसपी३२ च्या सॉफ्टवेअर किटमध्ये) त्या टायमर टास्कची प्रायॉरिटी मुळात १ असते आणि क्यूची लांबी १०. आता गणित करा. सेकंदाला १०० पल्स म्हणजे १०० मिलिसेकंदांत १०. त्याच कोअरवर तुमच्या मॉडेम टास्कने एवढा वेळ सलग खाल्ला की क्यू भरली. अकराव्या पल्सला फंक्शन फेल परत करतं. ती परत येणारी किंमत कुणी बघतं का?

ठिबक
कोड उघडून पाहिला. नाही बघत.

रात्रपाळी
आणि क्यू भरली की बाकीचे सॉफ्टवेअर टायमरही अडणार ना? सगळ्यांची क्यू एकच.

व्होलाटाइल
बरोबर. टायमर सुरू करा, थांबवा, सगळे हुकूम त्याच क्यूतून जातात. व्हॉल्व्ह अमुक मिनिटांनी बंद करायचा टायमर यांच्याकडे असेल तर प्रकरण अजून गंभीर आहे.

सोल्डरसुगंध
पल्सवर उपाय सोपा. ईएसपी३२ मध्ये पल्स मोजायचं हार्डवेअरच आहे, पीसीएनटी. आठ युनिट. बारीक खडखड गाळायचा फिल्टरही त्यातच. दर सेकंदाला आकडा वाचा. इंटरप्ट नको, फ्लॅग नको, टायमर क्यू नको. दुसरा मीटर म्हणजे दुसरं युनिट. तुमची पंचविसावी घटना ही घटना नाहीच, तो आकडा आहे.

फक्त काउंटर चिन्हासकट १६ बिटांचा आहे, तेव्हा मर्यादेला पोचायच्या आत वाचून बेरीज दुसरीकडे ठेवा.

मीनल_डी
वाचनखूण साठवली. मी डिप्लोमाच्या मुलांना एम्बेडेड शिकवते. पेपरात "सेमाफोर आणि इव्हेंट फ्लॅग यातील फरक" हा प्रश्न ठरलेला. मुलं तक्ता पाठ करून येतात आणि प्रॅक्टिकलला फ्लॅगने बाटल्या मोजतात.

या निमित्ताने मास्कच्या दोन गोष्टी, कारण तिथेच सगळ्यात जास्त मार्क जातात. एक, "फ्लॅग्ज & मास्क == मास्क" असं कंसाशिवाय लिहिलं तर सीमध्ये == आधी होतं. मास्क == मास्क म्हणजे १, मग फ्लॅग्ज & १. म्हणजे तुम्ही कायम शून्यावा बिटच तपासताय. कंस हवाच: (फ्लॅग्ज & मास्क) == मास्क म्हणजे सगळे लागलेत, (फ्लॅग्ज & मास्क) != ० म्हणजे निदान एक तरी. दोन, १ << ३१ लिहू नका. नुसता १ हा चिन्हासकट इंट असतो, अनसाइन्ड १ घ्या. एव्हीआर चिपवर इंट १६ बिटांचा, तिथे १ << १५ लाच ही अडचण सुरू होते.

ओसेक
मीनलताई, आमच्या टीममध्ये कंसाशिवाय & दिसला की रिव्ह्यूमध्ये चहा पाजावा लागतो. चहावाल्याचं बरं चाललंय.

मी पुण्यात गाड्यांच्या ईसीयूवर (गाडीतल्या कंट्रोलरवर) काम करतो. ओसेक आणि ऑटोसार या गाड्यांसाठीच्या मानकांत हा विषय वेगळ्या शिस्तीने बांधलाय, ती शिस्त इथे उपयोगी पडेल. तिथे इव्हेंट हा सार्वजनिक नसतोच, तो एका टास्कच्या मालकीचा. कोणीही सेट-इव्हेंट करू शकतं, इंटरप्टसुद्धा. पण वेट-इव्हेंट आणि क्लिअर-इव्हेंट फक्त मालकाने करायचं. आपोआप पुसणं नाही, स्वतः पुसावं लागतं. वेट कायम "कुठलाही एक" असा, "सगळे येईपर्यंत" हा पर्यायच नाही. आणि बेसिक टास्कला थांबायची परवानगीच नाही, एक्स्टेंडेडलाच आहे.

सुरुवातीला हे जाचक वाटतं. पण "हा बिट कोणी पुसला?" हा प्रश्न तिथे येत नाही. ठिबक, तुमच्या यादीतला "बटण दाबलं" हा बिट किती टास्क पुसतात ते बघा.

ठिबक
@ओसेक, दोन. डिस्प्ले टास्क आणि मोटर टास्क. दोघंही वेटबिट्सला "उठताना पुसा" देतात. पण फ्रीआरटॉस दोघांनाही उठवतो ना? चाचणीत तर दोघं उठतात.

ओसेक
दोघं *झोपलेले* असतील तर. सेटबिट्स आधी पूर्ण यादी चालतं, जुळणाऱ्या सगळ्यांना उठवतं आणि मग शेवटी पुसतं. टेबलावर चाचणी घेताना दोघं निवांत झोपलेले असतात. शेतात मोटर टास्क काहीतरी करत असतो, बटण दाबलं जातं, डिस्प्ले उठतो आणि बिट पुसून टाकतो. मोटर टास्क परत येतो तेव्हा बिट कोरा. "बटण दाबलं, स्क्रीन उजळली, मोटर काही बंद झाली नाही."

ठिबक
ही तक्रार शब्दशः आलेली आहे. :(

आजोबा११
तुमची चर्चा वाचून बरं वाटलं. आम्ही हे पीडीपी-११ या जुन्या संगणकावर, आरएसएक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये केलंय. तिथे इव्हेंट फ्लॅगना नावं नव्हती, क्रमांक होते. १ ते ३२ प्रत्येक टास्कचे खासगी, ३३ ते ६४ सगळ्यांचे सामाईक. सामाईकमधला कुठला नंबर कोण वापरतंय याची वही असायची, कागदाची. पुढे व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ३२-३२ चे चार क्लस्टर आले: ० ते ६३ स्थानिक, ६४ ते १२७ सामाईक. एकाच क्लस्टरमधल्या फ्लॅगवर "सगळे" किंवा "कुठलाही" असं थांबता यायचं, दोन क्लस्टर मिळून थांबता यायचं नाही. म्हणजे ठिबक यांच्या साहेबांचा दुसरा ग्रुप आम्ही फार पूर्वीच भोगलाय.

तर्री
आजोबा, ती वही अजून आहे का? ठिबकना पाठवा.

आजोबा११
वही कार्यालयाची होती. पण पद्धत घ्या: फ्लॅगसमोर तीन रकाने. कोण लावतो, कोण पुसतो, कोण थांबतो. "कोण पुसतो" मध्ये दोन नावं आली की तांबडी शाई.

झेफिरवारा
म्युनिकहून रामराम. आम्ही झेफिर या फ्रीआरटॉससारख्याच सिस्टिमवर आहोत आणि तिथे पुसण्याची गंमत वेगळीच आहे. के-इव्हेंट-वेट या थांबायच्या फंक्शनला एक "रीसेट" नावाचा बूलियन देता येतो. फ्रीआरटॉसहून आलेल्याला वाटतं हे "उठताना पुसा". नाही! ते *थांबायच्या आधी* सगळे बिट पुसतं. म्हणजे तुम्ही थांबायच्या क्षणभर आधी लागलेली घटना तुम्हीच घालवता. पोर्ट करताना (कोड तिकडे नेताना) नाव बघून ट्रू देऊ नका. आणि पोस्ट म्हणजे बिट मिळवणं, सेट म्हणजे आख्खी किंमत बदलणं, यातही गल्लत होते.

व्होलाटाइल
पोर्टिंगचा विषय निघालाच आहे तर सीएमएसआयएस-आरटॉस२ या प्रमाणित इंटरफेसचा खड्डा दाखवून ठेवतो. तिथे ३१ फ्लॅग, कारण सर्वात वरचा बिट एरर दाखवायला राखीव. वेट टाइमआउट झालं तर परत काय येतं? शेवटचा शून्यावा बिट सोडून सगळे बिट १. आता लोक लिहितात "जर परत आलेलं & बिट३ असेल तर काम करा." टाइमआउट झालं तरी बिट ३ लागलेलाच दिसतो! आधी वरचा बिट बघा, तो लागलेला असेल तर बाकीच्या बिटांना अर्थ नाही.

फ्रीआरटॉसमध्ये उलट तऱ्हा. टाइमआउट झालं तरी त्या क्षणीची बिटांची खरी किंमत मिळते. "सगळे" वर थांबला असाल आणि तीनातले दोनच लागले असतील तर दोन लागलेली किंमत परत येते. "शून्य नाही म्हणजे जमलं" असं धरलंत तर दोन फेजवर मोटर सुरू कराल.

रात्रपाळी
दोन फेजवर मोटर म्हणजे वाइंडिंगचा वास गावभर.

ठिबक
@व्होलाटाइल, इथे कोड बरोबर निघाला, हुश्श. मोटर टास्क आर, वाय, बी आणि विहिरीतलं पाणी या चारांवर "सगळे" म्हणून थांबतो आणि उठल्यावर चारांचा मास्क पुन्हा तपासतो. पुसत नाही.

सोल्डरसुगंध
हा इव्हेंट ग्रुपचा अगदी खरा उपयोग आहे, त्याला हात लावू नका. चार वेगवेगळ्या ठिकाणांहून चार अटी, कुठल्याही क्रमाने, आणि सगळ्या जमल्या की एकदाच उठायचं. सेमाफोरने करायला गेलात तर चार सेमाफोर एकामागून एक घ्यावे लागतात. चौथा मिळेपर्यंत पहिला फेज गेलेला असू शकतो आणि तुम्हाला पत्ताही नसतो.

पण एक सांगा, मोटर चालू असताना फेज *गेला* तर कसं कळतं?

ठिबक
मोटर टास्क दर २०० मिलिसेकंदांनी बिट वाचून बघतो.

सोल्डरसुगंध
वाटलंच. फ्रीआरटॉसमध्ये बिट शून्य व्हायची वाट बघता येत नाही. लागायचीच बघता येते.

आजोबा११
मायक्रोसी-ओएस-२ या सिस्टिममध्ये येते. सेट-ऑल, सेट-एनी, क्लिअर-ऑल, क्लिअर-एनी असे चारही प्रकार आहेत. पण असं सगळीकडे नाही, हे खरं.

झेफिरवारा
म्हणून तर बऱ्याच कोडमध्ये जोडीचे बिट दिसतात. ईएसपी-आयडीएफच्या वायफायच्या उदाहरणातसुद्धा "जोडलं" आणि "फसलं" असे दोन बिट आहेत आणि दोन्हींवर मिळून "कुठलाही एक" असं थांबतात. आपल्यातल्या अर्ध्या लोकांची इव्हेंट ग्रुपशी ओळख तिथेच झाली असणार.

ओसेक
मी इथे असहमत. "फेज गेला" हे सगळ्यांना सांगायची गरज नाही, मोटर टास्कला सांगायचंय आणि ताबडतोब सांगायचंय. मग ग्रुप कशाला? टास्क नोटिफिकेशन (थेट एका टास्कला दिलेला निरोप) वापरा. प्रत्येक टास्ककडे ३२ बिटांची नोटिफिकेशन किंमत असते, ई-सेटबिट्सने त्यात बिट लावा. इंटरप्टमधून थेट, टायमर टास्कची मध्यस्थी नाही. मध्ये वेगळा ऑब्जेक्ट नसल्यामुळे वेगही जास्त. फ्रीआरटॉसच्या कागदपत्रांत बायनरी सेमाफोरपेक्षा ४५ टक्के वेगाने टास्क उठतो असं लिहिलंय. शिवाय बिट वापरायला ३२ च्या ३२ मोकळे.

सोल्डरसुगंध
@ओसेक, तत्त्वतः मान्य. पण नोटिफिकेशनमध्ये "सगळे येईपर्यंत थांब" नाही, कुठलीही नोटिफिकेशन आली की टास्क उठतो. आणि एक टास्क एका वेळी एकाच ठिकाणी झोपू शकतो. तो इव्हेंट ग्रुपवर झोपला असेल तर नोटिफिकेशनने उठणार नाही. म्हणजे मोटर टास्क पूर्णच नोटिफिकेशनवर न्यावा लागेल आणि चार अटी जमल्या का ते स्वतः तपासावं लागेल.

ओसेक
अवस्था बदलली की थांबायची जागा बदलायची. मोटर बंद असताना ग्रुपवर झोपा, "चारही येऊ द्या". मोटर चालू झाली की नोटिफिकेशनवर झोपा, "काहीही बिघडलं तर उठवा". दोन अवस्था, दोन ठिकाणं. आणि चालू करायच्या आधी जुनी नोटिफिकेशन किंमत साफ करून घ्या.

सोल्डरसुगंध
साफ केल्यावर आणि झोपायच्या आधी फेज गेला तर?

ओसेक
तर नोटिफिकेशन लागलेली राहील आणि झोपायला जाताच परत येईल. साफ केल्यावर एकदा चारांचा मास्क परत वाचायचा, मग रिले ओढायचा. क्रम पाळला तर फट राहत नाही.

सोल्डरसुगंध
ठीक. मला तरी एकाच ठिकाणचे बिट वाचायला सोपे वाटतात, पण चूक दिसत नाही.

रात्रपाळी
अवांतर: लाइट आल्यावर लगेच मोटर सुरू करता की थांबता? आमच्या गावाकडे लाइट आली की सगळ्यांचे ऑटो (आपोआप मोटर सुरू करणारे स्टार्टर) एका क्षणी ओढतात आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) उडते. मग चार दिवस सगळेच कोरडे.

ठिबक
@रात्रपाळी, थांबतो. प्रत्येक कंट्रोलरच्या क्रमांकावरून वेगवेगळा उशीर काढतो. ते फीचर आमच्या जाहिरातीत पहिल्या ओळीत आहे.

वाचनमात्र
खातं काढून बरीच वर्षं झाली, आज पहिल्यांदा लिहितोय. आमच्याकडे जपानी क्लायंटचा कोड येतो, मायक्रो-आयट्रॉन या सिस्टिमवरचा. तिथे क्लिअर-फ्लॅगला मास्क उलटा द्यावा लागतो: जे बिट *ठेवायचे* ते १, पुसायचे ते ०. आत सरळ अँड होतं. सेट-फ्लॅगला सुलटा मास्क, क्लिअरला उलटा. फ्रीआरटॉसच्या सवयीने "बिट ३ पूस" म्हणून बिट ३ चा मास्क दिला, तर बिट ३ सोडून सगळे पुसले जातात.

मीनल_डी
@वाचनमात्र, लिहीत राहा. हार्डवेअर रजिस्टरमध्येही हेच. काही स्टेटस रजिस्टरमध्ये १ लिहिलं की बिट पुसतो, तिथे |= वापरलं की वाचताना जे जे लागलेले होते ते सगळे पुसले जातात. एसटीएम३२ चिपच्या टायमरमध्ये ० लिहिलं की पुसतो, तिथे &= वापरलं तर वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये लागलेला दुसरा फ्लॅग हरवू शकतो. तिथे सरळ पुसायचा बिट ० आणि बाकी सगळे १ अशी किंमत लिहून टाकायची.

रात्रपाळी
मूलभूत शंका. हे सगळं करण्यापेक्षा एक ग्लोबल व्हेरिएबल, त्याला व्होलाटाइल लावायचं, आणि |= करायचं. का नाही?

व्होलाटाइल
माझ्या नावाचा गैरवापर थांबवा. व्होलाटाइल एवढंच सांगतं की कंपायलरने प्रत्येक वेळी खरोखर वाचावं आणि लिहावं. |= म्हणजे तीन पायऱ्या: वाच, बिट मिळव, लिही. टास्कने वाचलं, तेवढ्यात इंटरप्टने दुसरा बिट लावला, मग टास्कने जुनी किंमत मिळवून लिहिली. इंटरप्टचा बिट गेला. कॉर्टेक्स-एम३ पासून पुढच्या प्रोसेसरमध्ये ही फट पकडणाऱ्या एलडीरेक्स-एसटीरेक्स सूचना आहेत, एम० मध्ये तेही नाहीत, तिथे थोडा वेळ इंटरप्ट बंद करणं आलं. शिवाय ग्लोबलवर टास्कला झोपता येत नाही. तो बसतो गोल गोल फिरत, बॅटरी खात.

तर्री
मंगळावर पाथफाइंडर अडकला होता तो यानेच ना?

आजोबा११
नाही. ते १९९७ चं प्रकरण, व्हीएक्सवर्क्सवर. कमी प्रायॉरिटीच्या टास्कने म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरून ठेवला, मधल्या प्रायॉरिटीच्या टास्कने त्याला प्रोसेसर मिळू दिला नाही, आणि वरचा महत्त्वाचा टास्क ताटकळला. वॉचडॉग (अडकलेली सिस्टिम नव्याने सुरू करणारा पहारेकरी) रीसेट करत राहिला. पृथ्वीवरून प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू करून सुटलं. म्युटेक्सला मालक असतो म्हणून त्याला प्रायॉरिटी उसनी देता येते. इव्हेंट फ्लॅगला तसा मालकच नाही, म्हणून फ्लॅगने कुलूप करू नये. ठिबक, "अपडेट चालू" हा बिट तुम्ही कुलपासारखा वापरत नाही ना?

ठिबक
@आजोबा११, तपासलं. फक्त डिस्प्ले वाचतो. वाचलो.

सोल्डरसुगंध
आता "एसएमएस आला" आणि "पोच आली" राहिले. एसएमएससाठी बिट चालेल, पण उठल्यावर एकच एसएमएस वाचून झोपायचं नाही. मॉडेममध्ये शिल्लक आहेत तोवर वाचत राहायचं. बिटाचा अर्थ "काहीतरी आहे" एवढाच. लागोपाठ दोन आले आणि एकच वाचला तर दुसरा तिसऱ्याची वाट बघत पडून राहतो.

पोच मात्र बिटात नको. कशाची पोच? मागच्या निरोपाची उशिरा आलेली पोच नव्या निरोपाची समजली जाईल. निरोपाला क्रमांक द्या आणि पोच क्रमांकासकट क्यूमधून आणा.

ठिबक
सगळ्यांचे धन्स. आजोबांच्या तीन रकान्यांत यादी मांडली. निकाल:

व्हॉल्व्हच्या आठ बिटांवर *कोणीही थांबत नाही*. फक्त डिस्प्ले आणि सर्व्हरला कळवणारा टास्क वाचतात. तो बाइट आता व्हॉल्व्ह टास्ककडेच राहील, बाकीच्यांनी त्याच्याकडून वाचायचा. पल्स पीसीएनटीत. पोच क्यूत. बटण मोटर टास्कच्या क्यूत, डिस्प्लेला मोटर टास्क सांगेल. असे ११ गेले, उरले १३. "वीज नीट नाही" असा एक जोडीचा बिट नवा घातला, १४. ओसेक यांची नोटिफिकेशनची पद्धत पुढच्या फेरीत, सध्या एवढाच बदल झेपेल.

तर्री
साहेब काय म्हणाले?

ठिबक
"दहा बिट रिकामे का सोडलेस?"

व्होलाटाइल
😂 त्या जोडीच्या बिटाबद्दल एक. फ्रीआरटॉसमध्ये एक बिट लावणं आणि दुसरा पुसणं एकाच कॉलमध्ये होत नाही. दोन कॉल, मध्ये फट. फेज गेला की आधी "फेज आहे" पुसा, मग "वीज नीट नाही" लावा. वीज आली की आधी "नीट नाही" पुसा, मग "आहे" लावा. उलट केलंत तर मधल्या फटीत दोन्ही लागलेले दिसतील आणि वरच्या प्रायॉरिटीचा टास्क नेमका तेवढ्यात उठेल. दोन्ही कोरे दिसले तर काही बिघडत नाही, मोटर थांबूनच राहते.

ठिबक
मी उलटंच लिहिलं होतं, कारण सेटबिट्सची ओळ आधी सुचली. बदलतो. चाचणीला एक फेज काढून बघायला हवा.

रात्रपाळी
टेबलावर थ्री फेजचा फ्यूज बसवून काढा. डीपीवर चढू नका.